तेरा भागांत बालकादंबरी: पुस्तकापासून पटकथेपर्यंत

पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली बालकादंबरी मालिकेसाठी हातात घेतली की पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. पहिलं प्रकरण म्हणजे पहिला भाग असं धरून लोक थेट लिहायला बसतात. तीन-चार भाग सुरळीत जातात. पाचव्यात कळतं, पडद्यावर काही घडतच नाही. पुस्तकात अर्धं काम सांगणाऱ्याच्या आवाजानं केलेलं असतं आणि पटकथेत तो आवाजच गळून गेलेला असतो. म्हणून या कामात पहिला प्रश्न ‘काय कापायचं’ हा नाही. निवेदक जे करत होता ते आता कोण करणार, हे आधी ठरवायचं.

खाली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नमुन्याला घेतली आहे: अर्ध्या तासाचा एक, असे तेरा भाग. पुस्तक सगळ्यांना माहीत आहे आणि रूपांतराला ते दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. मध्ये मध्ये बाहेरच्या मालिकांचे दाखले आहेत.

हक्कांचं आधी पाहा

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०१० ला संपला. मूळ पुस्तक मोकळं आहे. पण मूळ पुस्तकाभोवती जे जमा झालंय ते मोकळं असेलच असं नाही, आणि लोक फसतात ते इथे.

‘भरजरी गं पीतांबर’ आणि ‘छडी लागे छमछम’ ही गाणी पुस्तकात नाहीत, ती १९५३ च्या चित्रपटातली आहेत. शब्द आचार्य अत्र्यांचे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. पुस्तकात नसलेला एखादा प्रसंग किंवा वाक्य ‘श्यामची आईमधलंच आहे’ असं कुणी ठामपणे सांगितलं, तर आधी छापील प्रत उघडा.

अनुवादाचंही तेच. ज्यूल व्हर्न १९०५ साली गेला, त्याचं लेखन केव्हाच खुलं झालं. पण भा. रा. भागवतांनी केलेल्या त्याच्या मराठी रूपांतरांवर भागवतांचा स्वतंत्र हक्क आहे, आणि ते २००१ साली गेले असल्यामुळे तो २०६१ अखेरपर्यंत राहील. तेव्हा मूळ भाषेतून किंवा खुल्या झालेल्या अनुवादावरून काम करा, नाहीतर रीतसर परवानगी घ्या. चित्रांचा हिशोब आणखी वेगळा. केनेथ ग्रॅहम १९३२ साली गेला, पण त्याच्या ‘विंड इन द विलोज’ची सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असलेली चित्रं काढणारा अर्नेस्ट शेपर्ड १९७६ पर्यंत होता. वेशभूषाकाराला ‘त्या चित्रातल्यासारखं करा’ असं सांगण्याआधी ही तारीख लक्षात असू द्या. परदेशात प्रसारण असेल, तर त्या त्या देशाची मुदत वेगळी तपासावी लागते.

तीन वाचनं आणि एक तक्ता

पहिलं वाचन सलग, पेन्सिल न घेता. कुठे घसा दाटला, कुठे पानं भराभर उलटली, एवढंच नंतर टिपून ठेवा. दुसऱ्या वाचनात तक्ता भरायचा. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ आणि रकाने असे: पानांची संख्या, ठिकाण, दिवस की रात्र, ऋतू, हजर माणसं, मुलाला काय हवंय, कोण किंवा काय अडवतंय, शेवटी काय बदललं. तिसरं वाचन फक्त निवेदकासाठी. जे वाक्य पात्र बोलत नाही आणि कॅमेऱ्याला दिसत नाही, त्याखाली लाल रेघ.

‘श्यामची आई’च्या बेचाळीस रात्रींचा (पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय) असा तक्ता केला की दोन गोष्टी लगेच दिसतात. रात्री काटेकोर कालक्रमानं येत नाहीत, त्यामुळे तक्ता श्यामच्या वयाप्रमाणे पुन्हा मांडावा लागतो. दुसरं म्हणजे, ‘काय बदललं’ हा रकाना बऱ्याच ओळींत सारखाच भरला जातो: श्याम काहीतरी शिकला. वाचताना हे खटकत नाही, कारण एका रात्री एकच गोष्ट वाचायची असते. तेरा आठवडे ओळीनं पाहताना मात्र तिसऱ्या भागातच शेवट कळू लागतो. ‘श्याम शिकला’ असा शेवट असलेल्या ओळी एकत्र करून त्यांतल्या सर्वांत दृश्य अशा सात-आठच ठेवा. ‘थोर अश्रू’, ‘मुकी फुले’, ‘श्यामचे पोहणे’, ‘अळणी भाजी’, ‘बंधुप्रेमाची शिकवण’ या राहतीलच. उपदेश जास्त आणि कृती कमी असलेल्या रात्री सोडून दिल्या तरी त्यांतलं एखादं वाक्य दुसऱ्या प्रसंगात आईच्या तोंडी बसवता येतं.

निवेदकाची जागा

पुस्तकात मोठा श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतो. ही चौकट जशीच्या तशी ठेवली, तर दर भागात चार-पाच मोठी माणसं कंदिलाभोवती बसलेली दिसतील आणि तेवढ्यात घरातलं पोर पाणी प्यायला उठेल. चौकट अजिबात काढली, तर पुढे काय होणार हे आधीच माहीत असलेल्या माणसाची कातरता जाते, आणि ती गेली की उरते नुसती गोष्टींची माळ. मधला मार्ग असा: चौकट फक्त पहिल्या भागात, सातव्यात आणि शेवटच्यात दाखवा. बाकीच्या भागांत फक्त आवाज, तोही एकूण ४० सेकंदांच्या आत.

आवाजाला दोनच कामं द्या: काळ पुढे नेणं, आणि त्या वयाच्या श्यामला जे कळणं शक्य नव्हतं ते सांगणं. ‘मला फार वाईट वाटले’ हे आवाजानं सांगायचं नाही. कसोटी सोपी आहे. आवाज बंद करून दृश्य पाहा. सगळं समजलं, तर तो आवाज काढून टाका.

लाल रेघेखालची बाकीची वाक्यं वस्तूंवर, जागांवर आणि मुक्या प्राण्यांवर वाटून द्यायची. जपानमध्ये १९७४ साली इसाओ ताकाहातानं ‘हायडी’ची ५२ भागांची ॲनिमेशन मालिका केली, तेव्हा आजोबांच्या झोपडीत योसेफ नावाचा एक थोराड कुत्रा आणून बसवला. योहाना स्पिरीच्या पुस्तकात तो नाही. तो बोलत नाही, पण अबोल आजोबांचं मन त्याच्याशी वागण्यातून दिसतं आणि हायडीला एकटेपणी बोलायला कुणीतरी मिळतं. ‘श्यामची आई’त असा प्राणी बाहेरून आणायची गरज नाही. मोरी गाय आहे, आईची मांजर आहे. मांजर पहिल्या भागापासून चुलीजवळ बसवा. शेवटच्या दोन भागांत ती न बोलता पुष्कळ सांगेल.

किती भाग, हे पुस्तक ठरवतं

एकाच पुस्तकाच्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहा. ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ हे १९०८ चं, ३८ प्रकरणांचं पुस्तक. जपानी मालिकेनं १९७९ साली त्याचे ५० भाग केले, तर कॅनडात १९८५ साली तेच दोन भागांत, सुमारे सव्वातीन तासांत झालं. पहिलीत ॲनला गाडीतून घरी येतानाचा रस्ता निवांत पाहता येतो. दुसरीत तेवढा वेळ नाही, म्हणून प्रसंग एकमेकांत विणावे लागले. बीबीसीनं १९७५ साली ‘सीक्रेट गार्डन’ची २७ प्रकरणं अर्ध्या तासाच्या सात भागांत बसवली. तिनंच १९८९ साली ‘नार्निया’ या पुस्तकमालेतलं ‘प्रिन्स कॅस्पियन’ जेमतेम दोन भागांत उरकलं आणि लगेच पुढच्या पुस्तकाकडे वळली. असं घाईनं आवरलेलं पुस्तक मुलांच्या लक्षात राहत नाही.

अंदाजासाठी हिशोब असा. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे अर्ध्या तासात ६ मिनिटं गेली. शीर्षकगीताला १ मिनिट, ‘मागील भागात’ आणि श्रेयनामावली मिळून १. कथेला उरली २२. नेहमीच्या पटकथेच्या मांडणीत एक ए-फोर पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणून एका भागाला २२ पानं आणि ११ ते १४ सीन. मुलांच्या मालिकेत एक सीन तीन पानांच्या पुढे गेला, तर त्यात बहुधा दोन सीन दडलेले असतात.

कणा शोधा

तेरा भाग उभे राहायला एक प्रश्न लागतो, जो पहिल्या भागात पडतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. ‘आई श्यामला घडवते’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. या पुस्तकात प्रश्न कर्जाचा आहे: हे घर राहील का? पुस्तकात कर्ज ठसठशीतपणे येतं ते बत्तिसाव्या रात्रीपासून. मालिकेत इतका उशीर परवडत नाही. सावकाराचा माणूस पहिल्याच भागात ओटीवर बसलेला दिसला पाहिजे. त्याला पाणी दिलं जातं, भाऊ (श्यामचे वडील) त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, आणि श्याम फुलांची परडी घेऊन शेजारून निघून जातो. कुणी काही समजावून सांगायचं नाही.

मांडणी साधारण अशी होते. पहिले तीन भाग एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरात. चौथ्यात वेगळं होणं आणि पर्णकुटी. पाचव्यात पोहणं आणि अळणी भाजी. सहाव्यापासून श्याम शिकायला दापोलीत, म्हणजे कथा दोन ठिकाणी चालते. नवव्यापर्यंत गरिबी वाढत जाते, पण हसणं सुटत नाही. दहा आणि अकरा कर्जाचे. बाराव्यात जप्तीची दवंडी. तेराव्यात आईचं जाणं. प्रत्येक भागाच्या शेवटी श्यामच्या छोट्या गोष्टीचा निकाल लागला पाहिजे आणि घराच्या मोठ्या गोष्टीत एक पाऊल मागे गेलेलं दिसलं पाहिजे. लहान मुलं पहिल्यासाठी पाहतात, मोठी माणसं दुसऱ्यासाठी. दोघं एकाच सोफ्यावर बसतात, हे विसरायचं नाही.

भागाच्या शेवटी उगाच दचकवणारा हुक, म्हणजे पुढचा भाग पाहायला लावणारा गळ, लावू नका. रोजच्या मालिकांतला तीनदा कॅमेरा फिरवण्याचा प्रकार इथे विनोदी दिसतो. बरा हुक म्हणजे मुलानं दिलेला आणि अजून न पाळलेला शब्द.

एक सीन हाताळून पाहा

‘अळणी भाजी’ कागदावर सोपी वाटते, आणि नेमकी तीच बिघडते. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलंही त्यांचं पाहून जेवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या घासालाच सगळ्यांनी एकमेकांकडे पाहणं. तसं केलं की गंमत उरते आणि गोष्ट जाते.

प्रेक्षकाला आधी कळू द्या. भाजी चुलीवर असताना दारात कुणीतरी हाक मारतं, आई उठते, आणि मिठाचं भांडं झाकलेलंच राहतं. हा शॉट दोन सेकंद, त्यावर जोर नको. पंगतीत कॅमेरा फक्त भाऊंच्या हातावर. पहिल्या घासानंतर हात क्षणभर थांबतो, मग चालू राहतो. श्याम तो हात पाहतो. बोलणं जेवणाशी संबंध नसलेल्या गोष्टींचं. आईच्या पहिल्या घासापर्यंत ‘मीठ’ हा शब्द कुणाच्याही तोंडी येता कामा नये. अडीच पानं पुरे. समजावणारा आवाज इथे नकोच.

नायक हजर नसलेला शेवट

आई जाते तेव्हा श्याम तिथे नसतो. तो दूर शिकायला असतो, आणि पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. पटकथेच्या नेहमीच्या नियमानं हा दोष ठरतो, कारण नायक कळसाच्या प्रसंगी हवा. १९८५ च्या ‘ॲन’नं असाच पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. पुस्तकात ॲनला सांभाळणारा म्हातारा मॅथ्यू दारातच कोसळतो, हातात बँक बुडाल्याची बातमी असलेलं वर्तमानपत्र. मालिकेत तो शेतात कोसळतो, ॲनच्या डोळ्यांदेखत. बँकेचा धागा उभा करायला वेळ नसताना तो निर्णय योग्यच होता.

इथे तसं करायचं नाही. श्यामला खाटेजवळ आणलंत, तर तेराच्या तेरा भाग सांगण्याचं कारणच संपतं. तो माणूस रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगत बसतो, कारण त्या शेवटच्या घटकेला तो पोचला नव्हता. म्हणून बाराव्या भागाच्या उत्तरार्धापासून घर आणि वसतीची खोली आलटून पालटून दाखवा. घरातले सीन लांब आणि संथ, श्यामकडचे आखूड आणि नेहमीच्या गडबडीचे. दोन्हीकडे मिळून एकच दुवा ठेवा, पत्र किंवा मांजर. श्याम घरी पोचतो तो सीन अंगणात सुरू करा. आत काय झालंय हे प्रेक्षकाला माहीत आहे, त्याला नाही. मोठ्या श्यामचा राखून ठेवलेला आवाज इथे ऐकू येऊ द्या.

आज टोचणारे प्रसंग

जुन्या बालकादंबऱ्यांत छडी असते, जात असते, मुलींनी काय करावं याची ठाम मतं असतात. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका दलित म्हातारीची पडलेली मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. त्या काळात, त्या घरात ही मोठी गोष्ट होती. पण मोळी दिल्यावर श्यामनं आंघोळ करायची, हेही त्याच प्रकरणात आहे. रूपांतरात आंघोळ गुपचूप गाळली जाते, आणि आई आजच्या विचारांची होऊन बसते. आंघोळ ठेवा. ती म्हातारी वळून पाहते आणि तिला विहिरीवरचं पाणी ओतल्याचा आवाज येतो, एवढंच दाखवा. मुलं प्रश्न विचारतील. विचारू देत.

मारण्याबद्दल मात्र वेगळा निर्णय घ्या. पोहायला जायला घाबरलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे धाडते. तो मार हसण्यावारी नेला की बिघडतं. फटका पडद्याबाहेर ठेवा आणि नंतर तिचा हात थरथरताना दाखवा.

बोली आणि हाका

पुस्तकाची भाषा सुंदर आहे, पण ती छापील आहे. ‘आहे, नाही, करावयाचे’ असे शब्द मुलांच्या तोंडी जसेच्या तसे दिले, तर मुलं पाठांतर म्हणून दाखवतात. वाक्य लहान करा, क्रियापद बोलीतलं करा, पण शब्दसाठा त्या काळाचाच राहू द्या: परडी, ओटी, पाटपाणी, वळचण, दवंडी. हाका बदलू नका. आई ती आईच, आणि वडील ‘भाऊ’. ‘बाबा’ केलंत की पहिल्याच सीनमध्ये पुस्तक वाचलेला प्रेक्षक दुरावतो. भाषांतरित कादंबरी असेल, तर काळजी उलट बाजूनं घ्यायची. बर्फाळ डोंगरातल्या आजोबांना ‘आबा’ केलं की चीजसुद्धा परकं वाटू लागतं.

मुलं आणि कॅलेंडर

तेरा भाग गुणिले २२ म्हणजे २८६ मिनिटं. खेड्यात, मुलांसह, रोज ६ मिनिटं पदरात पडतील असं धरलं तर ४८ दिवस लागतात. बालकामगारविषयक नियम (२०१७ ची सुधारणा) इथे थेट लागू होतात. १४ वर्षांखालच्या मुलाला दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, शाळा बुडणार नाही याची व्यवस्था करावी लागते, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो. म्हणून २४-२४ दिवसांची दोन शेड्यूल करा. मेकअपचा वेळही पाच तासांतच धरा, म्हणजे वाद उरत नाही. गाय आणि मांजर असल्यामुळे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यावी लागते.

लेखकानं हे कॅलेंडर लिहितानाच जवळ ठेवायचं. श्याम एका भागातल्या ७० टक्क्यांहून जास्त सीनमध्ये असेल, तर शेड्यूल अडतं. आई आणि भाऊ, आई आणि दूर्वांची आजी असे दोन-तीन सीन प्रत्येक भागात हवेत. कर्जाचा कणा पुढे सरकायला तसंही तेच सीन लागतात.

श्याम दोन मुलांना करावा लागेल, एक साधारण सात-आठ वर्षांचा आणि एक तेरा-चौदाचा. लहानग्याचे पुढचे दात शेड्यूलच्या मध्येच पडतात, म्हणून त्याचे सगळे जवळचे शॉट पहिल्या दहा दिवसांत उरका. मोठ्याचा आवाज फुटण्याच्या बेतात असेल, तर डबिंग पुढे ढकलू नका. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाण्याची जागा ‘बंधुप्रेमाची शिकवण’ ही: तेरा-चौदाचा श्याम प्रथम दिसतो तो दापोलीहून, खाऊच्या पैशांतून धाकट्यासाठी शिवलेला कोट घेऊन घरी येताना. कोणी किती वाढलं, हे तो कोटच सांगतो.

ऋतूही तक्त्यातून घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर चित्रीकरणाचं युनिट चालत नाही. ऑक्टोबरात हिरवं मिळतं, फेब्रुवारीत गवत पिवळं पडतं. सुखाचे भाग आधी आणि दवंडीचे नंतर चित्रित केले, तर जमीनच अर्धी वेशभूषा करते. पाऊस टँकरनं पाडायचा, आणि तोही बाहेरच्या लांब शॉटला नको. अंगण, वळचण आणि खिडकी एवढ्यातच तो खरा वाटतो.

मुलांसमोर वाचून पाहा

पहिले दोन भाग पक्के करण्याआधी नऊ ते अकरा वर्षांच्या आठ-दहा मुलांना ते मोठ्यानं वाचून दाखवा. कलाकारांना नको, साध्या वाचकाकडून वाचून घ्या. ‘आवडलं का’ असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट त्यांना तुम्हाला सांगायला लावा. त्यांनी जो प्रसंग गाळला, त्यात कृती नाही. जिथे ‘मग त्याला कळलं की’ अशी सुरुवात केली, तिथे तुमचा निवेदक अजून लपून बसलेला आहे. तो सीन परत लिहा. आणि ओटीवर बसलेल्या त्या माणसाबद्दल एकानं जरी ‘तो कोण होता?’ असं विचारलं, तर पहिल्या भागाला हात लावू नका.